जासुदाची रात्र : रायगड किनाऱ्यावरील लांब पल्ल्याच्या धावेची शब्दसंपत्ती

'धावणे' आणि 'पळणे' ही दोन क्रियापदे आजच्या मराठीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. तथापि त्यांचे मूळ स्वभाव भिन्न आहेत. पहिल्याचे मूळ संस्कृत 'धाव्' या धातूत असून दुसऱ्याचे 'पलायते' या रूपात, म्हणजे पळून जाण्यात आहे. देव भक्ताच्या हाकेला धावतो, पळत नाही. शत्रू पळ काढतो, धाव काढीत नाही. धावणाऱ्याला पुढे ठिकाण असते, पळणाऱ्याच्या मागे भय असते. 'दौड' हा तिसरा शब्द घोड्याच्या टापांबरोबर आला आणि पुष्कळ काळ घोड्यापाशीच राहिला. 'लांब पल्ल्याची शर्यत' या आजच्या शब्दसंहतीतील 'शर्यत' हा शब्द तर मुळात धावण्याचा नव्हेच. अरबी 'शर्त' म्हणजे अट, करार. अटीवरून पैज, पैजेवरून चढाओढ आणि चढाओढीवरून धावण्याची चढाओढ, असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. या मूळ अर्थाचे स्मरण पुढे उपयोगी पडणार आहे.

थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी, कित्येक कोस धावत जाणे ही गोष्ट आज हौसेची झाली आहे. कपाळाला दिवा बांधून रात्रभर धावणारे स्पर्धक 'पेस' आणि 'कटऑफ' या शब्दांत आपला अनुभव सांगतात. त्यात वावगे काही नाही. क्रीडेचे शब्द क्रीडेबरोबर येतात. परंतु याच गोष्टीवर ज्यांचे पोट अवलंबून होते अशा माणसांचा एक मोठा वर्ग मराठी मुलखात सतराव्या-अठराव्या शतकांत होता, आणि त्याच्या धंद्याचे शब्द मराठी कागदपत्रांत विखुरलेले आहेत. ते शब्द केवळ कोशातील प्रतिशब्द लावून वाचले, तर कागदाचा अर्थ कळतो, पण कागद कसा पोचला हे कळत नाही. कागद किती वेळात पोचला यावर ज्या काळात राजकारणाचे निर्णय अवलंबून होते, त्या काळाच्या अभ्यासकाला ही उणीव लहान वाटू नये.

या वर्गाची मुख्य नावे दोन : 'जासूद' आणि 'कासीद'. 'कासीद' हा अरबी शब्द ज्या धातूपासून निघाला, त्याचा अर्थ नेमके एखाद्या ठिकाणाकडे रोख धरणे असा आहे. म्हणजे वर सांगितलेल्या धावण्याच्या अर्थाशी तो अगदी जुळता आहे. 'जासूद' हे अरबी 'जासूस' याचे मराठी रूप. एका शब्दातील दोन सकारांपैकी दुसरा पालटून त्याचा दकार झाला. हे विषमीकरण ध्वनिदृष्ट्या स्वाभाविकच आहे. शिवाय शेजारी 'कासीद' हा समव्यवसायी शब्द नांदत होता, त्याच्या अंत्य वर्णाचाही प्रभाव पडला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. अर्थाच्या बाजूने मात्र खरी उलथापालथ झाली. हिंदी-उर्दूत 'जासूस' केवळ हेरच राहिला. मराठीत 'जासूद' हेरही झाला आणि पत्र नेणारा निरोप्याही झाला. सभासदाच्या बखरीत बहिरजीचा निर्देश जासूद म्हणून येतो, तेथे हेरगिरीचा अर्थ उघड आहे. परंतु पेशवेकालीन पत्रांत जासूद पत्र घेऊन आला, जासुदाबरोबर उत्तर पाठविले, अशी वाक्ये शेकड्यांनी सापडतात. तेथे बहुधा गुप्ततेचा काही संबंध नसतो. आज 'जासूद' म्हटले की वाचकाला कादंबरीतील वेषांतर आठवते आणि साध्या पत्राला कटकारस्थानाचा वास येऊ लागतो. अनुवादांत तर हा दोष फारच दिसतो. ज्याने पत्र आणले त्याला हेर म्हटले की सारा प्रसंगच पालटतो.

या दोन शब्दांभोवती आणखी शब्दांचा परिवार आहे. पत्रांतून 'जोडी'चा उल्लेख वारंवार येतो : जासुदांची जोडी पाठविली, जोडी पावली. दोघांनी मिळून धावण्यामागील कारण समजण्यास फार शोध नको. एकाचा पाय मुरगळला तर दुसरा पुढे जातो. एकाला झोपेची गुंगी आली तर दुसरा बोलत राहतो. आणि रानातून रात्री जाताना एकट्याचा धीर सुटतो तो दुकट्याचा सुटत नाही. 'अजूरदार' हा खास भाड्याने ठरविलेला निरोप्या. 'अजुरा' म्हणजे मेहनताना. 'हरकारा' म्हणजे फारसी अर्थाने हरकाम्या. नेहमीच्या चाकरीतील जासूद आणि एका कामापुरता ठरविलेला अजूरदार यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचा होता, कारण दुसऱ्याशी बोली करावी लागे. बोलीत दिवस ठरत, आणि दिवसांवर अजुरा ठरे.

किनाऱ्यावर याच परिवारातील एक शब्द चक्क पाण्यात उतरला आहे. सतराव्या शतकातील पोर्तुगीज आणि इंग्रज कागदांत 'पट्टमार' या नावाने पायी धावणाऱ्या निरोप्याचा उल्लेख येतो; आणि त्याच नावाने कोकण-मलबार किनाऱ्यावरील जलद शिडाच्या गलबताचाही येतो. मराठीत हे दुसरे रूप 'पतेमारी' म्हणून टिकले, पहिले लोपले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली दिलेले आहेत. व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, परंतु माणसाचे नाव गलबताला मिळणे या किनाऱ्यावर अगदी समजण्याजोगे आहे. अलिबागेपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत जमीन सलग नाही. उत्तरेस अंबा नदीची धरमतर खाडी, मग कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, पुढे जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, आणि दक्षिण सीमेवर सावित्री. येथे धावणाऱ्याला दर काही कोसांवर पाणी आडवे येते. १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडास निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून गलबताने चौलास आला तो रात्री. पोर्तुगीजांच्या शहराचे दरवाजे तेव्हा बंद झाले होते. पुढे तो खाडीने अष्टमीपर्यंत गेला आणि तेथून जमिनीवरून निजामपूरमार्गे रायगडाकडे वळला. निरोप्यांचे पायही अशाच मिश्र वाटेने जात असणार : काही पल्ला धावत, काही होडीत बसून.

रात्री धावण्याचे मुख्य कारण उष्मा. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ती उष्णता शरीराबाहेर टाकण्याचे प्रमुख साधन घाम हे होय. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्यामुळे दिवसा धावणारा लवकर थकतो. दीर्घ पल्ल्याच्या धावेस सर्वांत अनुकूल तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपासचे मानले जाते. रायगडच्या किनाऱ्यावर इतकी थंडी सहसा पडत नाही. समुद्र दिवसाची ऊब धरून ठेवतो, आणि पौष-माघातही अलिबागेची पहाट साधारण १६-१७ अंशांपर्यंतच उतरते. आतल्या खोऱ्यांत, रोहा-महाडकडे, गारठा याहून अधिक. म्हणजे वर्षातील ज्या थोड्या रात्री शरीराला धावण्यास खरोखर सोईच्या, त्या याच.

त्याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. भाताची कापणी कार्तिकापर्यंत उरकलेली असते, खाचरे वाळतात, बांधावरून आणि शेतातून आडवाट धरता येते. पावसाळ्यात जो प्रदेश चिखल आणि पाणी यांनी तोडून टाकलेला असतो, तो या दिवसांत धावणाऱ्याला खुला होतो. आणि पौषातील रात्र सुमारे १३ तासांची असते. ज्येष्ठातील रात्रीपेक्षा ती दोन तासांहून अधिक लांब. 'प्रहर' हा शब्द तीन तासांचे ठाम माप म्हणून वाचला जातो, परंतु रात्रीचे चार भाग ते चार प्रहर, असे जेथे मानले जाई, तेथे पौषातला प्रहर ज्येष्ठातल्या प्रहराहून मोठा होता. 'दोन प्रहर रात्रीस निघून उजाडता पोचला' अशा प्रकारच्या विधानावरून वेग काढणाऱ्याने आधी महिना पाहावा.

थंडीचा धोका धावण्यात नाही, थांबण्यात आहे. धाव चालू असेपर्यंत अंग तापलेले असते. थांबताच ही भट्टी काही मिनिटांत मंदावते, पण घामाने भिजलेले वस्त्र ओलेच राहते आणि वारा त्यातून उरलेली ऊब ओढून नेतो. येथे किनाऱ्याचा एक खास शब्द ध्यानात घ्यावा लागतो : 'मतलई'. दिवसा समुद्राकडून येणारा तो खारा वारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा. जमीन जसजशी निवते तसा हा वारा उत्तररात्री जोर धरतो. रेवदंड्याहून रोह्याकडे, म्हणजे किनाऱ्याहून आत जाणाऱ्या जासुदाला पहाटेच्या सुमारास तो समोरून छातीवर घ्यावा लागे. रोह्याहून किनाऱ्याकडे येणाऱ्याच्या तो पाठीशी असे. अंतर सारखेच, सुमारे दहा कोस. परंतु दोन दिशांचे श्रम सारखे नव्हेत. अशा वेळी थांबायचेच झाले तर अंगावर घोंगडी हवी, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, सुती उपरणे धरीत नाही.

थंडीच्या शब्दांतही काही गोष्टी साठून राहिल्या आहेत. 'कुडकुडणे', 'हुडहुडी' हे ध्वन्यनुकारी शब्द, दात आणि हाडे यांनी स्वतःच घडविलेले. 'हिंव' हा संस्कृत 'हिम' याचा तद्भव असून त्याचे दोन अर्थ आहेत : थंडी, आणि थंडी वाजून येणारा ताप. 'हिंवताप' या जोडशब्दात दोन्ही एकत्र आले. ज्या प्रदेशात पाऊस संपल्यावर डासांबरोबर हा ताप घरोघरी येत असे, तेथे पहाटे होडीची वाट पाहत कुडकुडणाऱ्या माणसाला आपले हिंव वाऱ्याचे की तापाचे, हे तेव्हाच सांगता आले नसते. भाषेने तो निर्णय करण्याचे टाळले आहे, इतकेच.

थांबणे भाग पाडणारी मुख्य गोष्ट म्हणजे खाडी. येथे विषय खऱ्या अर्थाने अभ्यासकाच्या हाती येतो, कारण खाडीचे पाणी आणि रात्रीचा उजेड ही दोन्ही एकाच गोष्टीवर, चंद्रावर, अवलंबून आहेत. किनाऱ्यावरील लोकांचा सोपा ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणावे. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकापासून मोजावयाची. भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे हाच आकडा दिवसास आणि रात्रीस दोन्हीकडे लागू पडतो. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला 'उधाण' म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला 'भांग'.

आता जासुदाच्या रात्रीचा हिशेब मांडून पाहावा. शुद्ध अष्टमीस चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो : पूर्वरात्र उजेडाची, उत्तररात्र काळोखाची. संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी. पात्र अरुंद होते. पण कडेचा चिखल उघडा पडतो, आणि गुडघाभर खाजणातून काळोखात जाणे हे पोहून जाण्याहून सोपे असतेच असे नाही. वद्य अष्टमीस पाण्याच्या वेळा त्याच, उजेड मात्र उलट, मध्यरात्रीनंतरचा. पौर्णिमेस रात्रभर टिपूर चांदणे. वाट दिसते, मशाल लागत नाही. परंतु मध्यरात्रीच्या सुमारास खाडीला उधाण असते, आणि होडीवाचून इलाज नसतो. म्हणजे वाटेच्या दृष्टीने जी रात्र उत्तम, ती खाडीच्या दृष्टीने अवघड. मध्यरात्री पाण्याकाठी पोचेल असा जासूद पौर्णिमेस धाडण्यापेक्षा, पहाटे ओहोटीला पोचेल अशा बेताने धाडणे शहाणपणाचे होते. पौषातील पौर्णिमेचा चंद्र कोकणात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, सावल्या आखूड पडतात, आणि खाचखळगे नीट दिसतात. ज्येष्ठातील पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडे कललेला राहतो आणि झाडीची सावली वाटेवर पसरते. थंडीच्या रात्रीची ही आणखी एक सोय.

चंद्र नसलेल्या रात्री मशाल, दिवटी, किंवा कोकणात वाळक्या झापांची 'चूड'. ज्वाळा डोळ्यांजवळ असली की पावलापुढचे दिसते आणि पलीकडचे काही दिसत नाही. काळोखाला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा पुरते सरावण्यास अर्धा तास जातो. म्हणून अनुभवी माणूस तारांच्या उजेडात चालतो व चूड संकटासाठी राखतो, असे समजण्यास हरकत नाही.

हे सारे जुन्या कागदांशी कसे जोडावयाचे? त्याची किल्ली कागदांवरच आहे. मराठी पत्रांतील मिती पुष्कळदा मुसलमानी महिन्यांत दिलेली असते आणि तिच्या आधी 'छ' हे अक्षर असते. हे 'चंद्र' या शब्दाचे संक्षिप्त रूप. मोडी शिकणारा विद्यार्थी ते पहिल्याच महिन्यात पाठ करतो आणि मग 'छ'चा अर्थ 'तारीख' इतकाच त्याच्या मनात उरतो. परंतु ते अक्षर खरोखरच चंद्राविषयी सांगत असते. हिजरी महिना चंद्रदर्शनाने, म्हणजे साधारण शुद्ध द्वितीयेच्या सुमारास सुरू होतो. म्हणून छ १४ म्हणजे पौर्णिमेच्या आसपासची रात्र, छ ७ म्हणजे शुद्ध अष्टमीच्या आसपासची. एखाद्या रात्रीचा फरक धरावा लागेल, कारण हिजरी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. तेवढी सावधगिरी बाळगली, तर पत्र लिहिल्याच्या आणि पावल्याच्या दोन मित्यांमधून जासुदाला किती उजेड मिळाला आणि कोणत्या खाडीवर केव्हा अडकावे लागले असेल, याचा अंदाज बांधता येतो. उशिरा पोचलेल्या पत्राचे खापर जासुदाच्या आळसावर किंवा पाठविणाऱ्याच्या हेतूवर फोडण्यापूर्वी इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे गणित करून पाहणे अगत्याचे आहे. ते दहा मिनिटांचे काम आहे.

किनाऱ्याबाहेरचे, पण सर्वांना परिचित असे एक उदाहरण घेता येईल. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस झाली. तिची वार्ता बाळाजी बाजीरावांना प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, सावकारांच्या कासिदाजवळील सांकेतिक पत्रावरून. ग्रँट डफने नमूद केल्याप्रमाणे हा कासीद पानिपतहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर होता. हे अंतर हजार किलोमीटरांहून बरेच अधिक. म्हणजे दररोज सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा हिशेब पडतो. एका माणसाच्या पायांनी, उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत, नऊ दिवस सलग हे होणे कठीण. त्यामुळे येथे 'कासीद' या एकवचनामागे वाटेवर बदलत जाणारी माणसे, किंवा काही पल्ल्यापुरते वाहन, गृहीत धरावे लागते. शुद्ध अष्टमीनंतरच्या नऊ-दहा रात्री पाहिल्या, तर चंद्र रोज वाढत पौर्णिमेस पोचतो आणि मग वद्य तृतीयेच्या आसपास येतो. म्हणजे या सर्व रात्रींत बराच काळ चांदणे होते. लढाई अमावास्येच्या तोंडावर झाली असती तर सावकारांनी हीच बोली केली असती काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि 'नऊ दिवसांत पोचलास तर इतका अजुरा' हा करार म्हणजे अरबी अर्थाने नेमकी 'शर्यत'च होय. प्रतिस्पर्धी नसलेली, पण अट असलेली.

ग्रीक भाषेत अशा निरोप्याला 'हेमेरोद्रोमॉस', म्हणजे दिवसभर धावणारा, म्हणत. हेरोडोटसने वर्णिलेला अथेन्सचा धावक इ. स. पूर्व ४९० मध्ये स्पार्टाला दुसऱ्या दिवशी पोचला. मधली रात्र त्याने धावण्यातच काढली असणार, परंतु नावात दिवसच राहिला. त्याच्या स्मरणार्थ १९८३ पासून अथेन्स ते स्पार्टा अशी २४६ किलोमीटरांची शर्यत भरते. ३६ तासांची मुदत असते, आणि डोंगरावरील थंड रात्र हा तिचा सर्वांत कठीण भाग समजला जातो. मराठीत मात्र धावकाच्या नावात ना दिवस आहे ना रात्र. 'रात्रीचा दिवस करणे' हा वाक्प्रचार तेवढा आहे, आणि तो आता परीक्षेच्या अभ्यासाला लावतात.

टप्प्याटप्प्याने माणसे बदलण्याच्या पद्धतीस मराठीत 'डाक बसविणे' म्हणत. 'टप्पा' या शब्दात चेंडूची उसळी, तोफेचा पल्ला आणि प्रवासाचा भाग हे तिन्ही अर्थ आहेत, आणि तिन्हींत एका झेपेचे अंतर ही कल्पना समान आहे. 'टपाल' हा शब्द यातूनच आला असावा, हा तर्क आकर्षक असला तरी अंत्य अक्षराचा उलगडा समाधानकारक झालेला नाही. पुढे इंग्रजी टपालखात्यात घुंगुर बांधलेली काठी घेऊन रानातून धावणारा माणूस आला, तेव्हा त्याला 'जासूद' हे नाव मिळाले नाही. खात्याने त्याला 'रनर' म्हटले आणि गावानेही तेच उचलले. जासुदाकडे तोवर फक्त हेरगिरी उरली होती.

रेवदंडा आणि मुरूड यांच्या दरम्यान काशीद नावाचे गाव आहे. आज ते पुळणीसाठी प्रसिद्ध आहे. मराठी कागदांत 'कासीद' हे 'काशीद' असेही लिहिलेले आढळत असल्यामुळे गावाच्या नावाचा संबंध निरोप्यांशी जोडण्याचा मोह होतो. वाट किनाऱ्याची, दोन्ही बाजूंस खाड्या, आणि मधोमध दम घेण्याजोगी जागा. परंतु ध्वनिसाम्यावर स्थलनामाची व्युत्पत्ती उभारू नये. गावाचे नाव जुन्या जमाबंदीच्या कागदांत कोणत्या रूपात येते, तेथे निरोप्यांना इनाम किंवा वतन असल्याची नोंद सापडते काय, आणि कोकणात इतरत्र याच नावाची गावे खाड्यांच्या दरम्यान आहेत काय, या तीन गोष्टी तपासल्यावाचून त्या नावाविषयी काही म्हणता येणार नाही.